तुणतुण्याचा केंटकीतला मावसभाऊ

वेल्ह्याकडच्या एखाद्या गावात चैत्रातल्या जत्रेला गेलात, तर पालखी निघायच्या तासभर आधी देवळाच्या मागे एक फेरी मारा. तिथं तीन-चार पोरं भाताच्या पेंढ्याचा जाळ करून उकिडवी बसलेली दिसतील. हलगी जाळावर धरायची, दोनदा फिरवायची, कानाशी आणून टिचकी मारायची, नाक मुरडायचं आणि पुन्हा जाळावर धरायची. चामडं सैल असलं की हलगी नुसती ‘डब’ करते. ताणलं गेलं की ‘टण्ण’! त्या ‘टण्ण’ची वाट बघणारे ते चेहरे मला कुठल्याही मैफलीच्या पहिल्या रांगेपेक्षा जास्त आवडतात.

तिकडे अमेरिकेत डोंगराळ भागातली अशीच पोरं बँजो आणि फिडल घेऊन मंचावर उभी राहतात. ‘ब्लूग्रास आणि लोकसंगीताचे तरुण वादक’ अशी जाहिरात होते आणि लोक तिकीट काढून ऐकायला जातात. आपल्या भोर-वेल्ह्यातली पोरं जत्रेत, सप्ताहात, जागरणात तितक्याच जिवाच्या आकांतानं वाजवतात, आणि आपण त्यांच्याकडे पाठ करून गोडीशेव विकत घेत असतो. ही पोरं म्हणजे जत्रेचा मागचा गोंगाट नव्हे, ती जत्रेची मैफल आहे. ती थांबून ऐकावी असं मला फार मनापासून वाटतं, आणि थांबायला कारणं हवीत म्हणून या गमतीजमती.

आधी ते ब्लूग्रास म्हणजे काय

केंटकी या अमेरिकी राज्याचं टोपणनाव ‘ब्लूग्रास स्टेट’. तिथल्या बिल मन्रो नावाच्या मँडोलिनवाल्यानं १९३० च्या दशकाच्या अखेरीस बँड काढला आणि गावाकडच्या मायेनं त्याचं नाव ठेवलं ‘ब्लू ग्रास बॉईज’. १९४५ च्या अखेरीस त्यात अर्ल स्क्रग्ज आला. हा पठ्ठ्या तीन बोटांनी बँजो असा काही झरझर वाजवायचा, की लोक त्या ढंगाला बँडच्याच नावानं ओळखायला लागले. वनस्पती तुपाला आपण सरसकट डालडा म्हणायला लागलो ना, तसंच.

मला भावते ती यामागची गोष्ट. ॲपलाचियाच्या डोंगरात पोट भरेना, म्हणून माणसं डेट्रॉइट, सिनसिनाटीच्या कारखान्यांत गेली आणि जाताना गाणी घेऊन गेली. भोर-वेल्ह्याचा माणूसही पोटासाठी मुंबईला गेला, आणि जत्रेला मात्र न चुकता परत आला. चैत्रात एसटी स्टँडवर उतरणारी मुंबईकर मंडळी बघितलीत तर केंटकीची गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

जुन्या ब्लूग्रास मंडळींची आणखी एक रीत आहे. अख्ख्या बँडला मिळून एकच माइक. ज्याची पाळी तो पुढे सरकतो, वाजवतो, मागे होतो. आता पोवाड्याचा फड आठवा. शाहीर पुढे, डफ त्याच्या हातात, आणि मागे सूर ओढून धरणारे झीलकरी. शाहिराचा दम संपायच्या आत झीलकऱ्यांनी झील उचलायची. उशीर झाला की अख्खा फड पडतो. सोळा-सतरा वर्षांची पोरं हे झीलकऱ्याचं काम करता करताच शाहीर होतात, त्याला वेगळी शाळा नसते.

बँजो, बेंजो आणि तुणतुणं

ही माझी सगळ्यात लाडकी भानगड.

अमेरिकेचा बँजो मुळात अमेरिकेचा नाहीच. गुलाम करून नेलेल्या आफ्रिकी माणसांनी तो आपल्या आठवणीतून पुन्हा घडवला. पश्चिम आफ्रिकेत सेनेगल-गांबियाच्या बाजूला अकोंटिंग नावाचं वाद्य अजूनही वाजतं. भोपळा, त्यावर ताणलेलं चामडं, लांब दांडा आणि तारा, त्यातली एक तार आखूड. ती आखूड तार बँजोतही टिकली. बाकीच्या तारा गाणं म्हणतात आणि ही पाचवी तार पुन्हा पुन्हा एकच सूर टोचत राहते.

एकच सूर टोचत राहणारं वाद्य! आपल्याला वेगळं सांगायलाच नको. तुणतुणं म्हणजे लाकडाचं पोकळ नळकांडं, खालचं तोंड चामड्यानं मढवलेलं. त्या चामड्याच्या मधोमध तार अडकवायची आणि बाजूला ठोकलेल्या काठीच्या खुंटीपर्यंत ताणायची. तार छेडली की चामडं थरथरतं. बँजोचा तो कोरडा, टणत्कारी आवाज अगदी याच कारणानं येतो, कारण तारेखाली लाकडाच्या जागी चामडं आहे. ‘एकच तुणतुणं वाजवू नको’ असं आपण कुणाला तरी खेकसून म्हणतो, पण शाहिराला विचारा. तो वरच्या पट्टीत गेला आणि त्याला खाली उतरायची वाट सापडेना, तर घरचा रस्ता तुणतुणंच दाखवतं. सूरही तेच धरतं, आणि लयही.

मग गणपतीच्या मिरवणुकीतला ‘बेंजो’ कोण? तो तिसराच! १९१२ साली जपानातल्या नागोया शहरात गोरो मोरिता यांनी टाइपरायटरसारखी बटणं लावलेलं एक तंतुवाद्य बनवलं. त्याचं नाव ताइशोगोतो. ते हिंदुस्थानात आलं, कुणी त्याला बुलबुलतरंग म्हटलं, आणि मुंबई-कोकणात ते झालं बेंजो. त्याला विजेचा पिकअप लावला, कर्ण्याला जोडलं आणि ‘बेंजो पार्टी’ उभी राहिली. रवी जाधव यांनी २०१६ मध्ये ‘बँजो’ नावाचा हिंदी सिनेमा काढला तो याच वादकांवर, नायक रितेश देशमुख. थोडक्यात, नाव अमेरिकेतून आलं, वाद्य जपानातून आलं आणि अंगातला जोर मात्र इथला.

घोरपड आणि दिमडी

वाघ्या-मुरळीच्या हातात असते ती दिमडी, तळहाताहून थोडी मोठी. जुन्या काळी तिला घोरपडीचं कातडं लावत. पातळ, चिवट आणि बोटाच्या नुसत्या स्पर्शानं बोलणारं. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर घोरपडीला हात लावायची सोय राहिली नाही, आणि ते अगदी योग्यच झालं. आताच्या दिमड्यांवर बकऱ्याचं कातडं नाहीतर फायबर असतं.

जाता जाता, या मुलखातली सगळ्यात प्रसिद्ध घोरपड म्हणजे तानाजींची. सिंहगडाचा कडा चढायला दोर बांधून सोडलेल्या घोरपडीची कथा इतिहासकार मानत नाहीत. ती आपल्यापर्यंत आली ती शाहीर तुळशीदासाच्या पोवाड्यातून. कागदावरच्या पुराव्यापेक्षा डफावरची थाप लांब पोचते, ती अशी.

पोवाड्याचा मुलूख

पोवाडा म्हटलं की भोर-वेल्ह्याच्या पोराची मान जरा ताठ होते, आणि का होऊ नये! राजगड याच वेल्हे तालुक्यात. तालुक्याचं नावच आता राजगड करायचं ठरलं. तोरणा इथलाच. कान्होजी जेधे भोर तालुक्यातल्या कारीचे. भाटघर धरणाच्या पाण्याला नावच येसाजी कंक जलाशय. पोवाड्यात ज्यांची नावं येतात त्यांच्या गावची पोरं तो पोवाडा म्हणत असतात. शहरातल्या सभागृहात टाळ्या पडतात. इथं एखादा म्हातारा मधेच हात वर करून शाहिराला दुरुस्त करतो, आणि शाहीर ऐकून घेतो.

१० नोव्हेंबर १६५९ ला प्रतापगडाखाली अफजलखान पडला. त्यावरचा अज्ञानदासाचा पोवाडा हा शिवकाळातला सर्वांत जुना उपलब्ध पोवाडा मानतात. जिजाऊंच्या सांगण्यावरून तो रचला आणि शाहिराला घोडा आणि सोन्याचा तोडा मिळाला, असं सांगतात. दुसरा मोठा पोवाडा वर आलाच, तुळशीदासाचा, ४ फेब्रुवारी १६७० च्या सिंहगडावरचा. वेल्ह्यातून खाली कोकणात उतरणाऱ्या मढे घाटाचं नावही त्याच रात्रीशी जोडलेलं आहे. तानाजींचा देह याच वाटेनं त्यांच्या गावी उमरठला नेला, म्हणून ‘मढे’ घाट, असं गावकरी सांगतात. पावसाळ्यात धबधब्याखाली फोटो काढायला जी झुंबड उडते, तिच्यातल्या किती जणांना हे ठाऊक असतं?

आता खरी गंमत. हे पोवाडे छापून जपले कुणी? हॅरी अर्बुथनॉट ॲकवर्थ या इंग्रज अधिकाऱ्यानं आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी. दोघांनी मिळून १८९१ साली ‘इतिहासप्रसिद्ध पुरुषांचे व स्त्रियांचे पोवाडे’ हे पुस्तक काढलं. तीन वर्षांनी ॲकवर्थनं त्यातल्या काहींचं इंग्रजी भाषांतरही केलं. हा तोच ॲकवर्थ, जो मुंबईचा म्युनिसिपल कमिशनर होता आणि ज्याच्या नावाचं कुष्ठरोग रुग्णालय वडाळ्याला आहे. ब्लूग्रासच्या डोंगरातही असा एक माणूस जाऊन आला. सेसिल शार्प नावाचा इंग्रज संग्राहक मॉड कार्पेलिस या सहकारी बाईंबरोबर १९१६ ते १९१८ या काळात ४६ आठवडे ॲपलाचियात गावोगाव फिरला आणि गाणी उतरवून घेतली. म्हणजे शाळिग्राम-ॲकवर्थ जोडी शार्पच्या २५ वर्षं पुढे होती!

आणि पुण्याहून भोरला येताना जुन्या वाटेवर लागणारा कात्रजचा बोगदा? त्याच्या बांधकामात जोतीराव फुल्यांच्या कंपनीचा हात होता. त्याच फुल्यांनी १८६९ मध्ये शिवाजी महाराजांवर पोवाडा लिहिला. बोगद्यातून जाताना एवढं आठवलं तरी पुढचा घाट सुरात उतरतो.

कणकेचा गोळा आणि खाली न ठेवायची वीणा

हरिनाम सप्ताहात मी एक मुलगी पाहिली, सातवी-आठवीतली असेल. कीर्तनाला अर्धा तास होता. आईनं डब्यातून दिलेला कणकेचा गोळा तिनं पाण्याच्या हातानं मळला, पखवाजाच्या डाव्या तोंडावर मधोमध थापला, अंगठ्यानं कडा चेपल्या आणि एक थाप मारली. मान हलवली. चिमूटभर कणीक काढली. पुन्हा थाप. पुन्हा चिमूटभर. चौथ्या वेळेला तिचे डोळे मिटले, म्हणजे जमलं. मग हातोडी घेतली आणि उजव्या बाजूचे गठ्ठे ठोकत वीणेच्या सुराला सूर मिळवला.

कणीक का? डाव्या चामड्याचं वजन वाढलं की आवाज खाली उतरतो, खोल होतो, घुमतो. कणीक जास्त झाली तर बद्द होतो, कमी पडली तर पोकळ. उजव्या बाजूला काळी शाई कायमची असते, डाव्या बाजूची कणीक मात्र दर वेळी ताजी. वाजवून झालं की ओल्या हातानं खरवडून काढायची, नाहीतर वाळून चामड्याला चिरा पाडते. जगात वाद्यं सुरात लावायची कितीतरी यंत्रं निघाली आहेत, पण चपातीच्या पिठानं सूर लावणारी ही मुलगी माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

त्याच सप्ताहात वीणा आठवडाभर खाली ठेवत नाहीत. पहारे लावलेले असतात. एकाचा पहारा संपला की तो वीणा दुसऱ्याच्या गळ्यात घालतो, दोघं एकमेकांच्या पाया पडतात, आणि नवा वीणेकरी उभा राहतो. पहाटे तीनच्या पहाऱ्याला बहुधा तरुण पोरं असतात, कारण म्हाताऱ्यांचे पाय दुखतात. रिकाम्या मंडपात, एका बल्बखाली, झोपेनं डुलत पण वीणा छेडत उभा असलेला कॉलेजचा पोरगा ज्यानं पाहिला आहे, त्याला ‘आजकालची पिढी’ हे दोन शब्द सहज उच्चारता येत नाहीत. यातल्याच काहींची पुढे आळंदीची वाट सुरू होते. जोग महाराजांनी १९१७ मध्ये काढलेली वारकरी शिक्षण संस्था तिथं आहे.

धनुष्याचं वाद्य

लेझीम हा शब्द फारसी. तिकडे लेझम म्हणजे दोरीच्या जागी लोखंडी साखळी लावलेलं व्यायामाचं धनुष्य, तिरंदाजाच्या दंडात ताकद यावी म्हणून. आपल्या तालमींनी त्या साखळीत चकत्या अडकवल्या आणि व्यायामाला ताल दिला. शाळेच्या मैदानावर २६ जानेवारीला ‘छन् छन्’ करणाऱ्या पोरींच्या हातात तिरंदाजाचं धनुष्य आहे हे कळलं, की ती रांग एकदम वेगळी दिसायला लागते.

ढोलाचंही तसंच. पुण्याच्या विसर्जन मिरवणुकीतल्या ढोल-ताशा पथकांचा केवढा बोलबाला, पण त्याआधी कितीतरी वर्षं मावळ-मुळशीकडच्या डोंगरपट्ट्यातली ढोल-लेझीम मंडळी पुण्याला जाऊन वाजवत. शहरातली शाळा-कॉलेजांची पथकं नंतरची. शहरी पथकांच्या एका ठेक्याला अजूनही ‘गावठी’ म्हणतात, आणि ते नाव शिवी म्हणून दिलेलं नाही, पत्ता म्हणून दिलेलं आहे.

पावसाचा मात्र वैताग. वेल्ह्यात तो असा कोसळतो की चामड्याचं पान भिजून सैल पडतं. गणपती नेमके भाद्रपदात! म्हणून ढोलावर फायबरचं पान आलं. ते भिजत नाही, फाटत नाही, पण शेकता येत नाही. जुनी मंडळी म्हणतात, आवाज मोठा झाला आणि ऊब गेली. मला त्यांचं पटतं.

नसरापूरची परदेशी घंटा

भोर तालुक्यातल्या नसरापूरला बनेश्वराचं देऊळ आहे, पेशवेकालीन, झाडीत लपलेलं. तिथली घंटा नीट बघा. तिच्यावर क्रूस आहे आणि १६८३ हे साल. ती पोर्तुगीज चर्चमधली. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई जिंकली, तेव्हा अशा कितीतरी घंटा इकडे आल्या आणि देवळांत लागल्या. एकदा वाजवून कान देऊन उभे राहा. आवाज विरेपर्यंत बराच वेळ जातो.

गोंधळ्याचा नकाशा

गोंधळी उभा राहिला की आधी देवतांना आमंत्रण देतो, गावाच्या नावासकट. तुळजापूरची, माहूरची, कोल्हापूरची, जेजुरीचा… एकेक नाव घेत तो अख्खा महाराष्ट्र अंगणात आणतो. भवानीचे गोंधळी कदमराई, रेणुकेचे रेणुराई. संबळ वाजवायच्या दोन काठ्या सारख्या नसतात, एकीचं टोक वळलेलं असतं. वडिलांच्या शेजारी बसून पोरगं आधी नावं पाठ करतं, मग काठी धरतं. भूगोलाच्या पुस्तकाआधी त्याला नकाशा पाठ असतो.

जी गाणी कुणी मंचावर म्हटली नाहीत

शेजारच्या मुळशीत हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ या दोघांनी १९८० च्या दशकापासून जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली. पुढे हे काम हजाराहून जास्त गावांत पसरलं आणि आकडा एक लाख ओव्यांच्या वर गेला. बाईनं पहाटेच्या अंधारात एकटीनं, दळताना म्हटलेल्या या ओव्या. टाळी नाही, माइक नाही, बिदागी नाही. पिठाची गिरणी आली आणि जातं कोपऱ्यात गेलं. आता एखाद्या नातीनं आजीकडून चार ओव्या मोबाइलवर भरून घेतल्या, तर मी तिला याच मैफलीतली तरुण कलावंत म्हणेन.

मंच कसा मिळतो

रिकी स्कॅग्ज हे ब्लूग्रासमधलं आजचं मोठं नाव. तो सहा वर्षांचा असताना बिल मन्रो त्याच्या गावाकडे कार्यक्रमाला आला. लोकांनी ओरडा केला, आमच्या छोट्या रिकीला वाजवू द्या. मन्रोनं त्याला वर घेतलं आणि स्वतःच्या गळ्यातलं मँडोलिन त्याच्या गळ्यात घातलं.

भोरहून मांढरदेवचा डोंगर ओलांडला की वाई. तिथल्या पसरणीत ३ सप्टेंबर १९२३ ला शाहीर साबळे जन्मले. ‘जय जय महाराष्ट्र माझा’ हे त्यांनी गाजवलेलं गीत २०२३ मध्ये राज्यगीत झालं. पण मला त्यांचं मोठेपण ‘महाराष्ट्राची लोकधारा’त दिसतं. गोंधळ, भारूड, कोळीगीत, वाघ्या-मुरळी, सगळं एका रात्रीत एका मंचावर, आणि मंचावर तरुण पोरं. भरत जाधव, अंकुश चौधरी, केदार शिंदे तिथूनच पुढे आले.

भोर-वेल्ह्याच्या जत्रेत मंचाची जागा हल्ली डीजेच्या भिंतीनं घेतली आहे, आणि याचा मला खरोखर त्रास होतो. भिंत भाड्यानं येते आणि सकाळी टेम्पोत बसून जाते. हलगीवालं पोरगं गावातच राहतं. त्याच पैशांत चार फड बोलावता येतात, झाडाखाली सतरंजी टाकून अख्खी रात्र रंगवता येते. शिवाय रात्री दहा ते सकाळी सहा भोंगे बंद, हा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांचा दंडक आहेच. तुणतुण्याला भोंगा लागतो कुठे?

तेव्हा यंदा जायचं असेल तर स्वारगेटहून एसटी पकडा. वेल्ह्याला मेंगाई देवीचं देऊळ आहे, तोरण्यावर आहे तशीच खाली गावातही. भोरला रामनवमीचा उत्सव राजवाड्यात होतो. गावोगावच्या जत्रा वैशाखापर्यंत चालतात. पालखी निघाली की पुढे फोटोवाल्यांत जाऊ नका. हलगीच्या डाव्या अंगाला, चार हातांवर उभे राहा. तिथून बारीक काठीचे बोल वेगळे आणि जाड काठीचे वेगळे ऐकू येतात. आणि वाजवणाऱ्याच्या मागे बघा. आठ-नऊ वर्षांचं एक पोरगं हातात काहीच नसताना दोन्ही हातांच्या बोटांनी स्वतःच्या मांडीवर तोच ठेका धरून चाललेलं असेल. जमलं तर त्याला नाव विचारा.